भटक्या कुत्र्यांच्या निर्बीजीकरण केंद्रात स्वयंसेवक नेमके काय करतो?

भटक्या कुत्र्यांची नसबंदी म्हटली की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर शस्त्रक्रियेचे टेबल आणि हातमोजे घातलेला पशुवैद्यक उभा राहतो. हात बसलेल्या पशुवैद्यकाला मादीच्या शस्त्रक्रियेसाठी साधारण वीस ते तीस मिनिटे लागतात आणि नराच्या शस्त्रक्रियेसाठी त्याहूनही कमी. मात्र कुत्रे गल्लीतून उचलल्यापासून पुन्हा त्याच गल्लीत सोडेपर्यंत मध्ये पाच-सहा दिवस जातात. शस्त्रक्रिया उत्तम होऊनही कुत्रे दगावते ते बहुधा या उरलेल्या वेळात, आणि कुत्रे सुखरूप राहूनही सगळी मेहनत वाया जाते तीही याच वेळातल्या एखाद्या चुकीमुळे. स्वयंसेवकाचे काम नेमके या वेळात असते. सुरी पशुवैद्यकाच्या हाती असते, पण कुत्र्याचा श्वास मोजणे, त्याच्या गळ्यातला क्रमांक आणि वहीतली नोंद जुळवणे, ते कुठून आणले आणि कुठे सोडायचे याचा माग ठेवणे ही कामे बऱ्याचदा प्रशिक्षित स्वयंसेवकांवर सोपवलेली असतात. ती का करायची आणि कशी करायची, हे समजून घेतल्याखेरीज केंद्रात पाऊल ठेवू नये, असे मला मनापासून वाटते.

आधी ही पद्धत का स्वीकारली गेली ते पाहू. भटकी कुत्री मारून संपवण्याचा प्रयत्न आपल्याकडे फार जुना आहे आणि त्याला झालेला विरोधही तितकाच जुना. १८३२ साली मुंबईत इंग्रज सरकारने मोकाट कुत्री मारण्याची मोहीम तीव्र केली, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि शहरात दंगल झाली. त्यानंतरही अनेक दशके नगरपालिका कुत्री मारतच राहिल्या, तरी कुत्री कमी झाली नाहीत. रस्त्यावरची कुत्री उघड्यावरचा कचरा, मांस-मासळीच्या बाजारातले टाकाऊ पदार्थ आणि माणसांनी घातलेले अन्न यांवर जगतात. एका भागातली कुत्री मारली तरी तिथले अन्न तसेच राहते. मग शेजारच्या भागातली कुत्री तिथे सरकतात आणि मागे उरलेल्यांच्या पिल्लांना वाटेकरी कमी झाल्यामुळे जगण्याची संधी वाढते. चेन्नईतील ब्लू क्रॉस ऑफ इंडिया या संस्थेने १९६० च्या दशकातच मारण्याऐवजी निर्बीजीकरणाचा आग्रह धरला होता. १९९० च्या दशकात चेन्नई आणि मुंबईच्या महापालिका त्या मार्गाला लागल्या. २००१ मध्ये प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० याच्या आधारे केंद्र सरकारने श्वान जन्म नियंत्रण नियम केले आणि २०२३ मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. या नियमांचा गाभा एका वाक्यात सांगता येतो: कुत्रे पकडावे, त्याची नसबंदी करावी, त्याला रेबीजविरोधी लस टोचावी आणि जिथून उचलले तिथेच परत सोडावे.

नसबंदीने संख्या खरोखर कशी घटते

मादी साधारण सहा महिने ते वर्षभराच्या वयात पहिल्यांदा माजावर येते. गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा असतो आणि एका वेतात सर्वसाधारणपणे चार ते सहा पिल्ले होतात. आपल्याकडच्या रस्त्यावरच्या कुत्र्यांमध्ये पावसाळा सरता सरता मिलनाचा हंगाम येतो आणि दिवाळीपासून थंडी संपेपर्यंत गल्लोगल्ली पिल्ले दिसू लागतात. म्हणूनच उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला झालेल्या मादीच्या शस्त्रक्रियांचा उपयोग सर्वाधिक होतो. हंगाम सुरू झाल्यावर गाभण आणि दूध पाजणाऱ्या माद्यांचे प्रमाण वाढते, आणि काम अवघड होते.

एका जोडीपासून सहा वर्षांत ६७ हजार कुत्री तयार होतात, असा आकडा अनेक जनजागृती फलकांवर वाचायला मिळतो. स्वयंसेवकांनी तो लोकांना सांगू नये, अशी माझी विनंती आहे, कारण त्यात प्रत्येक पिल्लू जगते असे गृहीत धरलेले आहे. कोलकात्याच्या आयसर या संस्थेतील संशोधकांनी रस्त्यावरच्या पिल्लांचा माग ठेवून २०१६ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात जेमतेम १९ टक्के पिल्ले सात महिन्यांची होईपर्यंत टिकली, आणि झालेल्या मृत्यूंपैकी ६३ टक्के मृत्यूंना माणसे या ना त्या प्रकारे कारणीभूत होती. म्हणजे नसबंदीने सर्वात आधी कमी होतात ते वाहनांखाली, उपासमारीने आणि रोगाने होणारे पिल्लांचे मृत्यू. रस्त्यावरच्या मोठ्या कुत्र्यांची संख्या त्यानंतर, काही वर्षांच्या सातत्याने, हळूहळू उतरते. हे लोकांना प्रामाणिकपणे सांगितले नाही, तर सहा महिन्यांनी तेच लोक येऊन विचारतात की इतकी कुत्री नेली आणि आणली, मग फरक काय पडला?

फरक पडतो याचा चांगला पुरावा जयपूरचा आहे. तिथे हेल्प इन सफरिंग या संस्थेने १९९४ च्या अखेरीपासून २००२ पर्यंत शहराच्या एका ठरावीक भागात जवळपास २५ हजार कुत्र्यांची नोंद ठेवून काम केले. त्या भागातल्या ६५ टक्के माद्यांची नसबंदी आणि लसीकरण झाले, कुत्र्यांची संख्या तिच्या कमाल पातळीपेक्षा २८ टक्क्यांनी घटली आणि माणसांमधील रेबीजचे रुग्ण त्या भागात शून्यावर आले. यातले "ठरावीक भाग" आणि "माद्या" हे दोन शब्द लक्षात ठेवण्यासारखे आहेत. नराची शस्त्रक्रिया लवकर होते आणि त्याला सांभाळायलाही सोपे जाते, त्यामुळे संख्या दाखवायची असेल तर नरांकडे वळण्याचा मोह होतो. पण वस्तीतला एक नर जरी मोकळा राहिला, तरी तो अनेक माद्यांना पुरतो. आणि शहरभर विखुरलेल्या हजार शस्त्रक्रियांपेक्षा एकाच वॉर्डातल्या सलग तीनशे शस्त्रक्रिया जास्त परिणाम करतात. शेतात अर्ध्या वाफ्याची खुरपणी करून सोडली की राहिलेले तण पुन्हा सगळा वाफा व्यापते, तसेच इथे घडते. त्यामुळे ज्या केंद्राकडे वॉर्डाचा नकाशा आणि गल्लीनिहाय यादी आहे, ते केंद्र काम गांभीर्याने करते असे मी मानतो.

गाडी येण्याच्या आधी

चांगल्या केंद्राचे काम गल्लीत आदल्या दिवशी सुरू होते. परिसरात सूचना लावणे, कुत्र्यांना रोज खाऊ घालणाऱ्यांना भेटणे, कोणती मादी व्यालेली आहे आणि पिल्ले कुठे ठेवली आहेत हे विचारून घेणे, ही सगळी स्वयंसेवकाची कामे. रोज पोळी-भात घालणाऱ्या काकूंना जे माहीत असते ते पालिकेच्या कोणत्याही नोंदवहीत नसते. त्या सांगतात की तपकिरी मादीची पिल्ले बंद पडलेल्या रिक्षाखाली आहेत आणि काळा नर मागच्या इमारतीचा आहे, इथला नाही. त्या सोबत असल्या की कुत्री बिथरत नाहीत आणि हाताने किंवा जाळीने पकडता येतात. लोखंडी चिमट्याने मान आवळून ओढणे हे क्रूर आहे, शिवाय घाबरलेल्या, धडपडलेल्या कुत्र्याला भूल देणेही जास्त धोक्याचे ठरते.

सहा महिन्यांपेक्षा लहान पिल्लू नसबंदीसाठी उचलायचे नाही. पोट ओघळलेले आणि सड सुजलेले, लोंबते असतील तर ती मादी पाजती असण्याची शक्यता धरून तिला तिथेच राहू द्यायचे. अशी मादी नकळत उचलली गेली तर ती पाच दिवस केंद्रात राहते आणि तोवर आंधळी, नुकती जन्मलेली पिल्ले कुठल्या तरी जिन्याखाली उपाशी मरतात. ही चूक कोणत्याही शस्त्रक्रियेने भरून निघत नाही.

उचललेल्या प्रत्येक कुत्र्याची जागेवरच चिठ्ठी भरली जाते. त्यात तारीख, नर की मादी, रंग, खुणा आणि ठिकाण लिहिले जाते, आणि गळ्यात क्रमांकाचा पट्टा किंवा बिल्ला बांधला जातो. ठिकाण लिहिताना "स्टेशन परिसर" असे ढोबळ लिहू नये. "स्टेशन पश्चिम, रिक्षा थांब्यासमोरचे औषधांचे दुकान" असे लिहावे. शक्य असेल तर मोबाइलवर फोटो आणि नकाशावरची जागा टिपून ठेवावी. ही चिठ्ठी नीट लिहिली गेली नाही तर पाच दिवसांनी कुत्रे भलत्याच वस्तीत उतरवले जाते.

शस्त्रक्रियेच्या सकाळी

भूल देण्याआधी मोठे कुत्रे साधारण बारा तास उपाशी ठेवतात. पोटात अन्न असले तर उलटी होऊन ती श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. पिंजऱ्यासमोर केविलवाण्या नजरेने पाहणाऱ्या कुत्र्याला एक बिस्कीट देण्याचा मोह नव्या स्वयंसेवकाला होतोच, आणि तो कटाक्षाने टाळावा लागतो. त्यानंतर वजन. भुलीच्या औषधाची मात्रा वजनावर ठरते, त्यामुळे अंदाजाने सांगितलेले वजन धोकादायक असते. वजनकाट्यावर उभे न राहणाऱ्या कुत्र्याला पोत्यासकट किंवा पिंजऱ्यासकट तोलून मग पोत्याचे किंवा पिंजऱ्याचे वजन वजा करतात.

मुसके बांधण्याची पद्धत प्रत्यक्ष पाहून शिकण्यासारखी आहे. गॉजच्या लांब पट्टीचा सैल फास नाकाच्या मागे, जबड्यावर टाकून वर एक अर्धी गाठ मारतात, टोके जबड्याखाली आणून तिथे फुली मारतात आणि कानांच्या मागे, मानेवर सुटणारी गाठ देतात. सुटणारी गाठ देण्याचे कारण असे की, पहिले गुंगीचे इंजेक्शन म्हणून अनेक ठिकाणी झायलॅझिन वापरतात आणि त्याने काही कुत्र्यांना उलटी होते. तोंड बांधलेले असताना उलटी झाली तर कुत्रे गुदमरते. म्हणून गुंगी चढू लागली की मुसके सोडायचे आणि कुत्र्याकडे पाठ फिरवायची नाही. या वेळी खोलीत शांतता हवी, कारण आरडाओरड्यात आणि भांड्यांच्या आवाजात घाबरलेल्या कुत्र्याला गुंगी नीट चढत नाही आणि मग औषधाची मात्रा वाढवण्याची वेळ येते.

भूल लागली की केस काढतात. आपल्याकडे भटक्या माद्यांची शस्त्रक्रिया पुष्कळदा उजव्या कुशीतून, शेवटच्या बरगडीच्या मागून करतात, कारण तिथली जखम दुरूनही दिसते आणि कुत्रीला पुढे पाजावे लागले तरी सडांच्या रांगेत टाके येत नाहीत. काही केंद्रांत पोटाच्या मध्यरेषेवरून करतात. दोन्ही पद्धती मान्य आहेत. केस यंत्राने काढावेत, कारण पात्याने कातडीला बारीक चिरा पडतात आणि जंतूंना वाट मिळते. हे काम शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर करायचे असते, नाहीतर केस उडून जखमेत जातात. केटामिन हे भुलीचे औषध दिलेल्या कुत्र्याचे डोळे उघडेच राहतात आणि पापणी लवत नाही, त्यामुळे बुबुळ कोरडे पडू नये म्हणून डोळ्यांत मलम घालणे आवश्यक असते. हे मलम घालण्याचे साधे काम विसरल्याने कुत्र्याच्या दृष्टीला इजा होऊ शकते.

शस्त्रक्रियेबद्दल थोडक्यातच सांगतो. मादीचे दोन्ही अंडाशय आणि गर्भाशय काढतात, नराचे वृषण काढतात. त्यामुळे माद्यांमधला गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा आजार टळतो आणि मिलनातून पसरणारी जननेंद्रियांवरची गाठ, जी आपल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांत सर्रास आढळते, तिचा फैलावही कमी होतो. भुलीतच एका कानाच्या टोकाला खाच पाडतात आणि रेबीजची लस देतात. कानाला खाच म्हणजे या कुत्र्याची नसबंदी झालेली आहे, ही दुरून ओळखता येणारी खूण. काढलेले अवयव टाकून देत नाहीत. ते फॉर्मलीनमध्ये, म्हणजे कुजू न देणाऱ्या द्रावणात, जपून ठेवतात आणि देखरेख समितीकडून त्यांची मोजणी होते, म्हणजे कागदावरच्या शस्त्रक्रिया आणि प्रत्यक्ष झालेल्या शस्त्रक्रिया यांचा ताळा बसतो. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ प्रमाणे शस्त्रक्रिया आणि उपचार नोंदणीकृत पशुवैद्यकानेच करायचे असतात. "तुमचा हात चांगला आहे, टाका घाला" असे कोणी म्हटले तरी स्वयंसेवकाने नम्रपणे नकार द्यावा. शस्त्रक्रियेच्या खोलीत त्याने श्वास मोजावा, वही लिहावी आणि निर्जंतुक केलेल्या हिरव्या कापडाला हात लागू देऊ नये.

शुद्धीवर येण्याचा तास

माझ्या मते स्वयंसेवकाची खरी परीक्षा इथे होते. शस्त्रक्रिया आटोपलेले कुत्रे टेबलावरून उतरवून चादरीवर ठेवले की पशुवैद्यक पुढच्या कुत्र्याकडे वळतो आणि या कुत्र्याकडे पाहणारे फक्त तुमचे डोळे उरतात. त्याला कुशीवर निजवायचे, मान सरळ आणि किंचित लांब ठेवायची, जीभ हलकेच बाहेर ओढून घ्यायची, म्हणजे ती मागे पडून श्वास अडवत नाही. पोटाची हालचाल पाहत एका मिनिटातले श्वास मोजायचे. वरचा ओठ उचलून हिरडीवर बोट दाबायचे आणि सोडायचे. पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी झाला तर रक्ताभिसरण ठीक आहे. ठिपका पांढराच राहिला, हिरड्या फिकट किंवा निळसर दिसल्या, मांडीच्या आतल्या बाजूची नाडी वेगवान पण अशक्त लागली, पोट फुगत चालले किंवा बाकीची कुत्री हलू लागली तरी हे निपचित पडून राहिले, तर आत रक्तस्राव होत असण्याची शक्यता असते. अशा वेळी "आणखी पाच मिनिटे पाहू" असा विचार करू नये. पशुवैद्यक हातातल्या शस्त्रक्रियेत असला तरी त्याला मोठ्याने सांगावे.

कुत्र्याचे तापमान साधारण १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट असते. भुलीमध्ये ते झपाट्याने उतरते, विशेषतः सडपातळ आणि लहान कुत्र्यांचे, आणि थंड पडलेले कुत्रे शुद्धीवर यायला फार वेळ घेते. म्हणून उघड्या फरशीवर कुत्रे ठेवू नये. गोणपाट, चादर, वर्तमानपत्रांचा जाड थर, काहीही चालते. गरम पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळूनच लावाव्यात, कारण भुलीतल्या कुत्र्याला चटका कळत नाही आणि ते बाजूला सरकू शकत नाही. पांघरूण घालताना तोंड उघडे ठेवावे, नाहीतर श्वास दिसत नाही. अर्ध्या-पाऊण तासाने कुस बदलावी.

जागे होताना कुत्रे पाय मारते, विव्हळते, कधी मान आपटते. ते दुखण्यानेच होते असे नाही, भूल उतरतानाचा तो गोंधळ असतो. त्या वेळी थोपटत, बोलत बसण्यापेक्षा उजेड कमी करून, आवाज बंद करून, डोक्याखाली मऊ काही सरकवून शांत राहणे त्याच्या जास्त हिताचे असते. अर्धवट शुद्धीतले कुत्रे आपल्याला ओळखत नाही आणि चावते. दोन अर्धजागी कुत्री एका पिंजऱ्यात ठेवायची नाहीत. पाण्याचे भांडे पिंजऱ्यात आधीच ठेवायचे नाही, कारण डोलणारे डोके त्यात पडून कुत्रे गुदमरल्याचे प्रकार होतात. ते चार पायांवर नीट उभे राहिले की थोडे पाणी आणि मग संध्याकाळी हलके अन्न द्यायचे.

पुढचे चार-पाच दिवस रोज जखम पाहायची. थोडी सूज चालते, पण पू, वास, उघडलेला टाका किंवा सतत चाटणे दिसले तर पशुवैद्यकाला सांगायचे. बहुतेक केंद्रांत विरघळणारे, कातडीखाली लपणारे टाके घालतात, त्यामुळे ते काढावे लागत नाहीत. कुत्र्याने किती खाल्ले, शी कशी होती, हे प्रत्येक पिंजऱ्याच्या कागदावर लिहायचे. न खाणारे, उलट्या किंवा रक्ताची शी करणारे कुत्रे पार्व्होचे असू शकते आणि डोळ्यांतून घाण येऊन झटके येणारे डिस्टेंपरचे; हे दोन्ही कुत्र्यांचे संसर्गजन्य विषाणूजन्य आजार आहेत. असे कुत्रे लगेच वेगळे करायचे. पिंजरे धुताना निरोगी कुत्र्यांकडून सुरुवात करून आजाऱ्यांकडे शेवटी जायचे, आणि घाण पूर्ण उचलून, पाण्याने धुऊन मगच ब्लीचिंग पावडरचे पाणी टाकायचे, कारण घाणीवर ओतलेले क्लोरीन वाया जाते.

स्वतःची काळजी

या कामाला लागण्याआधी रेबीजची प्रतिबंधक लस घेतलीच पाहिजे, आणि लस न घेतलेल्या माणसाला कुत्रे हाताळू देणाऱ्या केंद्रात काम करू नये. लस घेतलेली असली तरी चावा किंवा ओरखडा झाल्यावर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटे धुवावी आणि डॉक्टरकडे जावे. आधी लस पूर्ण झालेल्यांना शून्याव्या आणि तिसऱ्या दिवसाचे दोन बूस्टर डोस पुरतात, आणि महागडे इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) लागत नाही. डोसचे दिवस मोजताना पहिल्या डोसचा दिवस शून्य धरतात, हे डॉक्टरांशी बोलताना लक्षात असावे.

एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. जबडा लोंबणारे, लाळ गाळणारे, गिळता न येणारे शांत कुत्रे पाहून घशात हाड अडकले असेल असे वाटते आणि दयाळू माणूस तोंडात हात घालतो. मुक्या रेबीजचे, म्हणजे ज्यात कुत्रे पिसाळत नाही तर लुळे पडत जाते त्या रेबीजचे, रूप असेच असते. अशा कुत्र्याला हात न लावता वेगळे ठेवून पशुवैद्यकाला बोलवावे. वस्तीतल्या सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर रेबीजची साखळी तुटते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि गोव्यात याच तत्त्वावर गावोगाव, वाडीवाडीवर झालेल्या सामूहिक लसीकरणानंतर २०२१ मध्ये राज्य रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. नसबंदी केंद्रातून बाहेर पडणारे प्रत्येक कुत्रे या टक्केवारीत मोजले जाते, पण लसीचा परिणाम कायम टिकत नाही. त्यामुळे कानाला खाच असलेल्या कुत्र्यांनाही दरवर्षी पुन्हा लस देण्याची मोहीम स्वयंसेवकांनी वस्तीत उभी करायला हवी.

परत त्याच जागी

सोडताना चिठ्ठीवरची जागा, कुत्र्याचा क्रमांक आणि फोटो तिन्ही जुळले पाहिजेत. अनोळखी भागात सोडलेले कुत्रे तिथल्या टोळीकडून फाडले जाते, रस्ता ओलांडताना वाहनाखाली जाते किंवा भुकेने हिंस्र होते. शिवाय मूळ गल्ली रिकामी झाली की नसबंदी न झालेले दुसरे कुत्रे तिथे येते. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये या विषयावर तीन महत्त्वाचे आदेश दिले, आणि स्वयंसेवकाला त्यांचा क्रम माहीत असावा. ११ ऑगस्टच्या आदेशात दिल्ली परिसरातली कुत्री निवाऱ्यांत ठेवण्यास सांगितले होते. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलून, रेबीजग्रस्त वा रेबीजचा संशय असलेली आणि आक्रमक कुत्री वगळता इतरांना नसबंदी व लस देऊन मूळ जागी सोडण्यास सांगितले आणि खाऊ घालण्यासाठी ठरावीक जागा नेमण्याचा आदेश दिला. ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बस आणि रेल्वे स्थानके अशा संस्थांच्या आवारातून उचललेली कुत्री तिथे परत सोडू नयेत असे सांगितले. म्हणून एखादे कुत्रे कुठल्या आवारातून आले आहे, हे उचलतानाच स्पष्ट लिहिणे आता पूर्वीपेक्षाही महत्त्वाचे झाले आहे, आणि शंका असल्यास पालिकेच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला विचारूनच कुत्रे सोडावे.

गल्लीत कुत्रे उतरवले की लोक भोवती जमतात. कोणी विचारतो, कान कशाने कापला? कोणी म्हणतो, परत का आणले? ही दहा मिनिटे टाळून गाडी पुढे नेऊ नये. खाचेचा अर्थ सांगावा, लस झाल्याचे सांगावे, जखमेवर लक्ष ठेवायला आणि काही बिघडले तर केंद्राला कळवायला सांगावे. चावण्याची भीती व्यक्त करणाऱ्या आईचे म्हणणे पूर्ण ऐकून घ्यावे, कारण ती भीती खरी असते. पिल्ले असलेली मादी पिल्लांच्या राखणीसाठी अंगावर येते. नसबंदीने तो प्रसंगच टळतो, हे तिला समजावता येते.

त्याच वेळी वहीत गल्लीतल्या राहिलेल्या माद्यांची नोंद करावी. पहिल्या फेरीत हुशार, बुजरी कुत्री निसटतात आणि गाडीचा आवाज ओळखून पळू लागतात. शेवटची दोन-तीन टक्के नव्हे, शेवटची दोन-तीन कुत्रीच त्या गल्लीत पुढच्या हंगामात पिल्ले होणार की नाही हे ठरवतात. त्यांच्यासाठी वेगळ्या वेळी, वेगळ्या गाडीने, ओळखीच्या माणसाच्या हाताने प्रयत्न करावा लागतो. त्यासाठी कुठल्या मादीला कोण खाऊ घालते, ती किती वाजता कुठे बसते आणि ती शेवटची कधी व्यायली होती, हे त्या वहीत नावागणिक लिहिलेले असले पाहिजे.